करवतकाठ आणि अठरा-तीनशेची लेन्स

धर्मेंद्रला प्रवासासाठी लेन्स घ्यायची होती. प्रवास ठरलेला नव्हता. आधी लेन्स ठरली की मग प्रवास ठरवता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. लेन्स ठरत नव्हती, त्यामुळे चौदा महिने तो भंडाऱ्यातच होता.

भंडाऱ्यात त्याच्या वडिलांचं, वासुदेवरावांचं, कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचं दुकान आहे. वासुदेवराव आंधळगावच्या विणकरांना रेशीम आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पुरवतात आणि विणून आलेली साडी दुकानात लावतात. त्यांच्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनीही हेच केलं. धर्मेंद्र गल्ल्यावर बसतो, पण समोर मोबाईल उभा करून. मोबाईलमध्ये कुठलासा परदेशी माणूस आपल्या मांजरीचे फोटो वेगवेगळ्या लेन्सनी काढून दाखवत असतो. गिऱ्हाईक बाईनं "पदर दाखवा" म्हटलं की धर्मेंद्र आधी मांजर थांबवतो, मग पदर दाखवतो.

संध्याकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर या विषयाचं खंडपीठ बसायचं. त्यात विक्की होता. तो विम्याची कामं करतो, त्याच्याकडे दोन कॅमेरे आहेत आणि तिसऱ्याचा विचार चालू आहे. हिरालाल सर होते, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. आणि मी होतो, शाळेतला मास्तर. माझ्याकडे कॅमेरा नाही, पण चहा धर्मेंद्रकडून असायचा.

"सतरा-सत्तर मिलिमीटरची घे," हिरालाल सर म्हणायचे. "उजेड जास्त घेते. घरात, लग्नात, रोजच्या कामाले तेच बरं."

"अन् वाघ दिसला तं?" विक्की विचारायचा. "सत्तरवर वाघ मांजरीएवढा येते, सर. अठरा-तीनशे घेतली का खेळ खतम. समोरचा डोंगरबी त्याच्यात, वाघाची मिशीबी त्याच्यात. प्रवासात घडी घडी लेन्स काढा, लावा, धूळ पुसा, कायले?"

"वाघ कुठी आहे पण?"

"नागझिऱ्यात आहे, कोक्यात आहे. घरामागं जंगल आहे आपल्या."

"गेला काय रे तू धर्मेंद्र, नागझिऱ्याले?"

"लेन्सच नाई तं जाऊन काय करू, सर?" धर्मेंद्र म्हणायचा. मग तो आणखी चहा सांगायचा.

सोमवारी तो अठरा-तीनशेच्या बाजूनं असे, गुरुवारी सतरा-सत्तरच्या. मधल्या दिवशी कोणीतरी अठरा-एकशेपस्तीसचं नाव काढायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. एकदा मी धर्मेंद्रच्या घरी गेलो असताना त्याच्या बायकोनं, राखीवहिनींनी, चहा ठेवत मला सांगितलं, "मले पाहाले आले होते तं पोहे खाऊन पंधरा मिन्टात हो म्हटलं यायनं. त्या काचेले चौदा महिने!" धर्मेंद्र आतून म्हणाला, "तुझी दुसरी साइझ नव्हती." वहिनींनी त्या दिवशी चहात साखर घातली नाही. दोघांच्याही.

शेवटी निकाल लागला तो वजाबाकीनं. अठरापासून तीनशेपर्यंत दोनशे ब्याऐंशी मिलिमीटर भरतात. सतरापासून सत्तरपर्यंत फक्त त्रेपन्न. कापडाच्या घरातल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. त्यानं लांब ताग्याची लेन्स घेतली. खोक्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिला फोटो वासुदेवरावांचा काढला. दुकानात बसूनच, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात चहा पीत असलेल्या वासुदेवरावांचा. कानातले केस दिसत होते. वासुदेवराव म्हणाले, "गल्ला सोडून माझे कान पाहून राहिला काय बे?"

चार दिवसांनी विक्कीनं एक घोटाळा शोधून काढला. या लेन्सनं अठरावर फोटो काढला की कडेच्या रेषा बाहेर फुगतात. ते दिसू नये म्हणून कॅमेरा आपणहून त्या रेषा सरळ करतो, आणि सरळ करताना चारही बाजूंनी थोडा फोटो कापून टाकतो.

"म्हणजे तू घेतले अठरा," विक्की म्हणाला, "अन् हाती पडून राहिले साडेएकोणीस."

धर्मेंद्रचा चेहरा पडला. "दीड मिलिमीटर खाते?"

"दरवेळी."

तिथेच, टपरीवरच, धर्मेंद्रनं कॅमेऱ्यात शिरून ती सोय बंद केली. "आपल्याले अठराचे अठरा पाहिजे," तो म्हणाला. वाराला दोन बोटं कमी आलेलं कापड ज्या घरात परत पाठवतात, त्या घरात हे तत्त्वाला धरूनच होतं. रेषा फुगल्या तर फुगू देत. मापात कमी नको.

हे सगळं त्यांचं त्यांच्यात राहिलं असतं तर मला काही लिहायचं कारण नव्हतं. पण मध्ये सेवकराम आला.

सेवकराम आंधळगावचा विणकर. वय सत्तरच्या पुढे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. आता जे थोडे लोक करवतकाठी साडी विणतात, त्यांच्यातला एक. साडीचं अंग कोशाचं, काठ सुताचा, आणि जिथे काठ अंगाला भेटतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ही छापत नाहीत आणि वरून भरतही नाहीत. अंगाचा आडवा धागा फेकणारा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे धोटे वेगळे, आणि प्रत्येक फेकीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. म्हणून मागावर दोन माणसं बसतात. डावा काठ सेवकराम सांभाळायचा, उजवा त्याची सून रेणू. मुलगा कुंदन बुटीबोरीच्या कारखान्यात असतो. त्याला या कामात रस नव्हता. रेणूला होता. तिनं लग्नानंतर तीन वर्षांत सासऱ्याकडून ते उचललं.

त्या वर्षी राज्यपातळीवरची हातमागाची एक स्पर्धा जाहीर झाली. पहिली निवड फोटोवरून, ऑनलाइन. निवड झाली की साडी मागवणार. सेवकरामला बक्षिसाचं फार नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की दुसरा डोळा पुरता जायच्या आत कोणा जाणत्यानं आपला काठ पाहावा आणि अजून हात बरोबर आहे म्हणून सांगावं. नाहीतर तो थांबणार होता. तसं त्यानं वासुदेवरावांना स्पष्ट सांगितलं होतं. "वाकडं विनून तुमच्या दुकानाचं नाव घालवण्यापरीस घरी बसीन, शेटजी." तो थांबला की रेणूचाही उजवा काठ थांबणार होता, कारण एका माणसाला करवत विणता येत नाही.

वासुदेवराव म्हणाले, फोटोची काळजी नको. घरात फोटोग्राफर आहे.

त्यामुळे एका रविवारी धर्मेंद्र आणि मी मोहाडीवरून आंधळगावला गेलो. मी कॅमेऱ्याची तिपाई धरायला होतो. अर्जात तीन फोटो मागितले होते: विणकर मागावर, पदर, आणि दोन्ही काठ एकत्र दिसतील अशी उलगडलेली साडी. अर्जात विणकराचं नाव लिहायला एकच रकाना होता.

"दोन लिवा," सेवकराम म्हणाला. "काठ दोन आहेत."

"एकच मावते, काका."

"बारीक अक्षरात लिवा."

धर्मेंद्रनं मोबाईलवर बारीक अक्षरात दोन नावं बसवली. त्या दिवसातलं त्यानं केलेलं तेवढं एकच काम मला अजून मान्य आहे.

मागाची खोली लहान होती. अर्ध्याहून जास्त जागा मागानं घेतलेली. उरलेल्या भिंतीसमोर सेवकराम आणि रेणू दोन टोकांना धरून साडी ताणून उभे राहिले.

"अंगनात पसरू काय, बाबू?" सेवकरामनं विचारलं. "तिथी मोकळं आहे. तुमाले मांगं सरकता येईन."

"नाई, नाई. बाहेर उजेड हार्ड आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे कडक."

"डिसेंबरात?"

"डिसेंबरातबी. फोटोतला कडक वेगळा राहते, काका."

सेवकरामनं यावर विचार केला आणि मान हलवली. तो आयुष्यभर त्याच अंगणातल्या उजेडात सुताचे रंग जुळवत आला होता. पण समोरच्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा होता. धर्मेंद्र मागच्या भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला, लेन्स अठरावर आणली, आणि साडी वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत फोटोत गच्च बसली. अठराचे अठरा कामी आले. तो फार खूश झाला. रेणूनं विचारलं, "पाहू काय?" तो म्हणाला, "याच्या स्क्रीनवर समजत नाई, वहिनी. कॉम्प्युटरवर पाहावं लागते."

कॉम्प्युटरवर आम्ही तिघांनी पाहिलं. धर्मेंद्र, विक्की आणि मी. साडी पोटभर जेवल्यासारखी दिसत होती. वरचा काठ मध्यभागी वर फुगलेला, खालचा खाली. करवतीचे दाते अगदी स्वच्छ, धागा न् धागा मोजता येत होता, आणि ती सगळी स्वच्छ रांग धनुष्यासारखी वाकलेली.

"काठ वाकडा दिसून राहिला," मी म्हणालो.

"थोडासा बॅरल आहे," विक्की म्हणाला. "पण शार्पनेस पाय ना. अठरा-तीनशेमध्ये एवढा शार्पनेस!"

"सरळ नाही करता येत?"

"येते ना. एक बटन दाबलं का झालं. पण कोपरे जाते."

धर्मेंद्र बटणाकडे पाहत राहिला. अर्ज भरायला अजून दोन दिवस होते. पुन्हा आंधळगावला जाऊन अंगणात, लांबून, पन्नास-साठ मिलिमीटरवर, रेषा न फुगवता फोटो काढता आला असता. तेही मी म्हणून पाहिलं.

"म्हणजे लेन्स चुकली असं म्हणतो काय तू?"

"काठ सरळ दिसला पाहिजे, एवढंच म्हणतो."

"पाहणारे जाणकार राहतात रे. त्यायले समजते बॅरल काय अन् काठ काय."

चहा आलेला होता, मी तो प्यायलो. फोटो तसाच गेला. त्याच संध्याकाळी धर्मेंद्रनं तो आपल्या पानावरही टाकला. खाली लिहिलं: अठरा मिलिमीटर, कुठलंही एडिटिंग नाही, आपल्या मातीतली कला. दोनशे अकरा लोकांना आवडला. एकानं विचारलं, लेन्स कोणती? धर्मेंद्रनं त्याला सोळा ओळींचं उत्तर दिलं. साडी कोणी विणली हे कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

निकाल दोन महिन्यांनी आला. अर्जात मोबाईल नंबर धर्मेंद्रचा होता, म्हणून संदेश त्याच्याकडे आला. निवड नाही. शेरा: काठ सरळ रेषेत नाही, विणकामात दोष.

जाणकारांना बॅरल समजलं नव्हतं. त्यांना काठ समजला होता.

आम्ही सांगायला गेलो. धर्मेंद्रनं वाटेत दोनदा म्हटलं की समितीत सगळे बाबू भरलेत, त्यांना फोटोग्राफीतलं काय कळतं. मी होकार दिला. सेवकरामसमोर त्यानं मोबाईलवरचा शेरा वाचून दाखवला आणि थांबला. पुढचं एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडात आलेलं मला दिसलं. मग ते गिळलेलंही दिसलं.

"दोन्ही काठ म्हनते काय?" सेवकरामनं विचारलं.

"काठ म्हणते. किती ते नाई लिहिलं."

सेवकराम उठला. पेटीतून साडी काढली, खाली पसरली, मधोमध घडी घालून काठावर काठ ठेवला, आणि बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेला. कुठे काही निघालं नाही. तरी तो म्हणाला, "मले तं बराबर लागते. पन डोळा बी माहाच, अन् हात बी माहाच. दोघं मिळून फसवत असतीन."

"फोटोत कधी कधी..." मी म्हणालो.

"फोटोचं काय, मास्तर? कॅमेऱ्याले काय पडलं खोटं बोलाले? त्याले ना मी मालूम, ना माहा बाप." त्यानं साडीची घडी केली. "तो खरंच सांगते."

धर्मेंद्र कॅमेऱ्याची बाजू घ्यायला नेहमी तयार असतो. त्या दिवशी त्याला ती घ्यावी लागली नाही. आम्ही परत आलो.

तीन आठवड्यांनी वासुदेवरावांनी आम्हा दोघांना दुकानात बोलावलं. म्हणजे धर्मेंद्र तिथेच होता, मांजरीसमोर. मला बोलावलं.

"सेवकरामनं ताणा वापस पाठवला," ते म्हणाले. "म्हणते आता विणत नाई. काहून बे? तुम्ही गेले होते ना? काय बोलले त्याच्याशी?"

"स्पर्धेत नाई लागला नंबर, म्हणून असन," धर्मेंद्र म्हणाला.

"नंबर नाई लागला म्हणून सेवकराम माग सोडते? चाळीस वर्षांपासून पाहून राहिलो मी त्याले. पुरात माग बुडाला होता तवा आठव्या दिवशी बसला तो. काय झालं ते सांगा."

धर्मेंद्र माझ्याकडे पाहत होता. मी शोकेसमधल्या साड्यांकडे पाहत होतो.

"तुमच्या तोंडात काय अडकलं आहे ते तिथी जाऊन काढा," वासुदेवराव म्हणाले. "अन् त्याले मागावर बसवल्याशिवाय वापस येऊ नोका. दोघंबी."

आंधळगावात सेवकराम ओसरीत खाटेवर बसलेला होता. माग आत झाकून ठेवला होता, वर जुनं चादरीचं कापड. आम्हाला पाहून त्यानं रेणूला पाणी आणायला सांगितलं. धर्मेंद्रनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि समजावायला सुरुवात केली. हार-जीत चालूच राहते, काका. एका समितीनं काय होते. पुढच्या वर्षी पुन्हा भरू. आमच्या बाबूजीले तुमचाच काठ पाहिजे. असं बरंच. सगळं गोड आणि सगळं बाजूनं जाणारं. सेवकराम "हो जी, हो जी" करत ऐकत होता, जसं आजाऱ्याला पाहायला आलेल्यांचं ऐकतात.

रेणू दाराशी उभी होती. "धर्मेंद्रभाऊ," ती म्हणाली, "तो फोटो दाखवा ना मले."

"तो कॉम्प्युटरवर आहे, वहिनी."

"तुमी टाकला असन कुठी. तुमी तं चहाच्या कपाचाबी फोटो टाकता."

"शोधावा लागते..."

तिनं स्वतःचा मोबाईल काढला. शोधायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. धर्मेंद्रचं पान उघडंच असतं. तो ते सगळ्यांनी पाहावं म्हणून उघडं ठेवतो. रेणूनं फोटो मोठा केला, बोटानं इकडून तिकडे सरकवला. पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं.

"मामाजी," ती म्हणाली, "वरचा काठ वर गेला आहे अन् खालचा खाली. आपन दोघंबी एकाच दिवशी, एकाच जागी, उलट्या दिशेनं चुकलो काय?"

सेवकराम खाटेवर पुढे सरकला.

"अन् हे पाहा. बाजूले दाराची चौकट आली आहे. तेबी वाकडी." ती धर्मेंद्रकडे वळली. "ही चौकटबी आमीच विनली काय, भाऊ?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

सेवकरामनं मोबाईल घेतला. हात लांब करून, ऑपरेशन झालेल्या डोळ्यासमोर धरून बराच वेळ पाहिलं. मग उठून चौकटीशी गेला. तिच्यावर तळहात ठेवून वरून खाली नेला. परत येऊन बसला.

"बाबू, आमची चौकट सरळ आहे ना?"

"आहे, काका."

"मंग फोटोत?"

"ते लेन्समुळं होते. अठरावर थोडं... कडेनं फुगते. त्याले बॅरल म्हणतात." शब्द सांगताना त्याच्या आवाजात जरा जीव आला. तो लगेच गेला.

"काठबी त्याच्यानंच?"

"हो."

"तुमाले मालूम होतं?"

अंगणात कोंबड्या होत्या. धर्मेंद्र त्यांच्याकडे पाहत होता. "हो," तो म्हणाला.

"कवापासून?"

"फोटो काढला त्याच दिवशी."

सेवकराम माझ्याकडे वळला. "अन् मास्तर, तुमाले?"

"मलाही," मी म्हणालो.

त्याला राग आला असता तर आमचं काम सोपं झालं असतं. राग ऐकून घेता येतो, वरून माफी मागता येते, आणि गाडीत बसून म्हाताऱ्याला किती राग येतो यावर बोलता येतं. सेवकराम आपले हात पाहत होता. उजवा पालथा, मग डावा.

"तीन हप्ते झाले," तो म्हणाला. "जेवतानीबी हातच पाहून राहिलो होतो मी. घास सरळ जाते का नाई म्हनून."

रेणू आत निघून गेली. आतून कापड ओढल्याचा आवाज आला.

धर्मेंद्रला वाटलं असावं की आपण काहीतरी भरून दिलं पाहिजे. त्याच्याकडे होतं तेच त्यानं दिलं. "काका, मी ते लेन्स आता बदलूनच राहिलो. सतरा-सत्तर पाहून ठेवली आहे. तिच्यात वाक कमी आहे. म्हणजे आहे, पण कमी. पुढच्या वेळी..."

"बाबू," सेवकराम म्हणाला, "ते तुमचं तुमी पाहा."

"नाई, म्हणजे माझी चूक मी मानतो. पण लेन्सची निवड ही अशी राहते की प्रवासाले एक लागते अन् घरातल्या कामाले..."

"भाऊ," रेणू आतून म्हणाली, "पानी पाहिजे काय अजून?" तिच्या आवाजावरून ते विचारणं नव्हतं. इतक्या महिन्यांत धर्मेंद्रला लेन्सवरून गप्प करणारी ती पहिली व्यक्ती.

ती बाहेर आली. चादरीच्या धुळीनं तिचे हात भरले होते. तिनं ते पदराला पुसले, सासऱ्याच्या मांडीवरचा आपला मोबाईल घेतला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. सेवकरामनं तो कानाला लावला. पलीकडून वासुदेवरावांचा आवाज ओसरीत सगळ्यांना ऐकू येत होता, कारण वासुदेवराव फोनवर नेहमी आंधळगावला पोचेल इतक्या जोरानं बोलतात.

"कोण, सेवकराम? पोचले काय ते दोघं? बोलले काही?"

"बोलले जी. उशिरा बोलले, पन बोलले." त्यानं आतल्या मागाकडे पाहिलं. "शेटजी, ताना पाठवा."

"करवतचाच ना?"

"करवतचाच. दुसरं काय विनतो मी?"

"बरं, बरं. उद्याच पाठवतो. धर्मेंद्रच्या हातानं देतो, गाडी आहे त्याची..."

"नाई जी," सेवकराम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि धर्मेंद्र त्याच्यापासून दोन हातांवर बसला होता. "त्यायच्या हातानं नोको. सकाळच्या एस्टीत कंडक्टरजवळ द्या. तो सरळ आनून देते."